भाकर, कालवण, शरबत आणि तेल

ठाण्यातल्या आमच्या लोकांत हग्गय नबी माझ्याइतका कुणालाही ठाऊक नाही. हे मी भीड न ठेवता लिहिते, कारण खोटी नम्रता मला कधी जमली नाही आणि आता या वयात शिकायची हौस नाही. छापील मराठी पुस्तकात त्याला भविष्यवादी म्हटलं आहे. आम्ही इस्रायली लोक, म्हणजे कोकणातले यहुदी, नबी म्हणतो. बारा छोट्या नबींच्या रांगेत तो पार शेवटाकडे बसलेला आहे. त्याचे अवघे दोन अध्याय. तव्यावर भाकरी टाकून वाचायला घेतलं तर ती करपायच्या आत पहिला अध्याय संपतो. मी करून पाहिलं आहे.

मला तो आवडतो, कारण तो कामाचं बोलतो. बाकीचे नबी रडतात, शाप देतात, स्वप्नं पाहतात. हा मात्र बाबेलच्या बंदिवासातून परत आलेल्या आपल्या माणसांना सरळ विचारतो, की बाबांनो, तुम्ही स्वतः फळ्या मारलेल्या घरांत आरामात राहता आणि देवाचं घर पडकं ठेवता, हे कसं काय? डोंगरावर जा, लाकूड आणा, बांधायला लागा. आणि नवल म्हणजे लोक खरोखरच गेले. योना नबीचंही ऐकलं म्हणा, पण ते परक्यांनी. आपल्याच माणसांनी ज्याचं लगेच ऐकलं असा नबी मला तरी दुसरा भेटलेला नाही.

माझे सासरे तर त्याच्यावर फिदाच होते. ते पलटणीत हवालदार होते. पेन्शन घेऊन ठाण्याला तलावाच्या बाजूला राहत, आणि आमच्या वस्तीचे मुकादम म्हणून लग्नकार्यापासून भांडणतंट्यापर्यंत त्यांचा शब्द मानला जाई. हग्गय जे जे बोलतो त्याच्यावर तारीख घालतो, कुठल्या राजाचं कितवं वर्ष, कितवा महिना, कितवा दिवस. सासऱ्यांना त्याचं फार कौतुक. "हा आपल्यातला," ते म्हणायचे. "हुकूम देतो आणि वर तारीख घालतो. बाकीच्यांचं काही कळत नाही, कधी बोलले नि कुणाला बोलले."

त्यांना हे सगळं मी वाचून दाखवत असे. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते आणि एका वैदूने सुई घालून उरलासुरला उजेडही घालवला होता. हिब्रू प्रार्थना त्यांना तोंडपाठ होत्या, पण अर्थ विचाराल तर आमच्यातल्या इतरांसारखाच तोही अंधारच. अर्थ होता तो पाद्र्यांच्या छापखान्यातून आलेल्या मराठी पुस्तकात, आणि ते वाचता येणारं घरात एकच माणूस होतं. ते मी. माझा नवरा पलटणीच्या दवाखान्यात कंपाउंडर, वर्षातले बहुतेक दिवस परमुलखात. सासूबाई माझ्या लग्नाच्या आधीच गेलेल्या. तेव्हा शनिवारी दुपारी ओटीवर सासरे लोडाला टेकून बसायचे आणि मी दाराच्या आत, उंबऱ्याला लागून बसून वाचायची.

आता मी त्या घरात कशी आले ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मी कल्याणची. तिथे माझ्या वडिलांचा तेलाचा घाणा होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून गावात आमची ओळख. इतर इस्रायली लोकांत मात्र आमची ओळख वेगळी होती. आमच्यात गोरे आणि काळे असे दोन भाग. कातडीच्या रंगाचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. ठाण्याचे सुभेदार आमच्यातलेच, पलटणीतले बडे हुद्देदार; त्यांची बायको गोऱ्यांतली, पण तिच्या शेजारी मला उभी केली असती तर परक्या माणसाने आम्हांला नेमकं उलटं ओळखलं असतं. काळे म्हणजे ज्यांच्या कुळात कधीकाळी बाहेरची बाई आली ते. आमच्या कुळात ती कधी आली, कोण होती, हे माझ्या आजोबांनाही सांगता येत नव्हतं. ती आली होती एवढं मात्र इतरांना पक्कं माहीत होतं.

माझा नवरा बिजवर. घरात आंधळा म्हातारा, स्वतः सदा बाहेर. अशा घरात गोऱ्यांतल्या कुणी मुलगी दिली नाही. मग त्यांना कल्याणच्या तेल्याची आठवण झाली. माझ्या वडिलांना तर आभाळ ठेंगणं झालं. मला तेवढं झालं नाही, पण मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेली काळी मुलगी कल्याणात बसून तरी काय करणार होती? लग्न झालं. मी घर ताब्यात घेतलं आणि चांगलं चालवलं.

त्या घरात माझ्या हातचं सगळं चालत असे. सकाळची भाकर माझी, माशांचं कालवण माझं, आजारपणातली पेज माझी. सासरे बोटं चाटून जेवायचे आणि वर "मीठ आज बेताचं पडलंय" म्हणून शेराही मारायचे. फक्त एक सोडून. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आमचा विसाव्याचा दिवस, सुरू होताना आशीर्वाद म्हटल्यावर जो पेला प्यायचा, त्यातलं काळ्या मनुकांचं शरबत मी करायचं नाही. आमच्याकडे द्राक्षांचा रस कुठला. मनुका भिजत घालून, कुस्करून, गाळून तेच आम्ही वापरतो. ते शरबत सुभेदारांच्या बायकोकडून तांब्यात भरून येई, वर फडकं बांधून. पहिल्या शुक्रवारी मला वाटलं, शेजारधर्म असेल. दुसऱ्या शुक्रवारी कळलं. राग आला. तो राग मी पुढे कधी टाकून दिला नाही, नीट सांभाळून ठेवला, कारण तो खरा होता.

प्रार्थनेच्या जागेला आम्ही मशीदच म्हणतो. आमच्या शेजारचे मुसलमान त्यावर हसतात आणि आम्हीही हसतो. तेव्हा आमच्या वस्तीला मशीद नव्हती, सुभेदारांच्या घरातली एक खोली होती. माझे वडील सणावाराला कल्याणहून मचव्यात बसून खाडीने ठाण्याला यायचे. डोंबिवलीच्या दलदलीच्या खाजणांपाशी वारा पडला की मचवा रखडायचा, तरी यायचेच. बरोबर तेलाचा बुधला. त्या खोलीतला अखंड दिवा त्यांच्याच तेलावर जळत असे, त्याबद्दल कुणाची कधी तक्रार नव्हती. ते स्वतः मात्र बाहेर पडवीत बसायचे. आत पेला फिरला, सगळ्यांचे घोट झाले, की त्यांच्यासाठी वेगळ्या भांड्यातून थोडं बाहेर येई.

मी एकदा त्यांना म्हटलं, "बाबा, तुमचं तेल आत आणि तुम्ही बाहेर, हे तुम्हांला बरं वाटतं?"

"आत जागा कुठं हाय बाय," ते म्हणाले. "खोली ती केवढीशी."

खोली लहान होती हे खरंच होतं. त्या लहान खोलीने पुष्कळांची सोय केली होती.

मग वस्तीने ठरवलं की आता आपली स्वतःची मशीद बांधायची. जागा मिळाली. मुरबाडकडच्या जंगलातून सागाचे वासे कल्याणला उतरले आणि तिथून खाडीने ठाण्याला आले. ते उतरवून घेण्याचं, भिजू न देण्याचं, पुढे चढवून देण्याचं काम माझ्या वडिलांनीच अंगावर घेतलं होतं. भिंती उभ्या राहिल्या, आणि सगळ्यांच्या लक्षात आलं की आतली जागा मोठी आहे. आता पडवीत कुणाला बसवायचं असेल तर जागेचं निमित्त पुरणार नाही. तसं ठरवावं लागेल, आणि तोंडाने बोलून ठरवावं लागेल.

सुभेदारांनी ते ओळखलं. ते कडक माणूस, पण लपूनछपून वागणारे नव्हेत. त्यांनी सासऱ्यांना येऊन सांगितलं, "मुकादम, मशीद उघडायच्या आधी नेम ठरू द्या. दाराशी वेगळं बाकडं आणि वेगळा पेला. एकदा ठरलं म्हणजे नातवंडांच्या काळापर्यंत वाद नको."

नातवंडांच्या काळापर्यंत. मी आत डाळ निवडत होते. सुपातली डाळ तशीच ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. माझ्या वडिलांचं सगळं आयुष्य पडवीत गेलं होतं, ते जाऊ दे. पण त्यांनी स्वतः उतरवून घेतलेल्या वाशांखाली त्यांना दाराशी बसवायचं, आणि पुढे माझ्या मुलांनाही, कारण माझी मुलं म्हणजे काळ्या आईचीच की. त्याच दुपारी मी मनाशी ठरवलं, की माझा बाप त्या घरात बसेल आणि सगळे पितात त्याच पेल्यातून पिईल. कसं, ते मला ठाऊक नव्हतं. पण होईल याविषयी मला शंका वाटली नाही.

सासरे सुभेदारांना एवढंच म्हणाले, "घर बांधणारा नबी हग्गय. तो काय म्हणतो ते आधी बघू. सगळ्यांना ओटीवर बोलावतो, वाचू आणि मग ठरवू."

म्हणून आम्ही दोघांनी तयारीला सुरुवात केली. पहिला अध्याय झाला. दुसऱ्यात म्हाताऱ्या माणसांचा भाग येतो. ज्यांनी जुनं मंदिर पाहिलं होतं त्यांना नवं अगदीच किरकोळ दिसतं, आणि नबी त्यांना धीर देतो. सासऱ्यांनी तो दोनदा वाचून घेतला. आणि त्याच्यापुढे तो भाग आला.

नबी याजकांना, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्यांना, दोन प्रश्न विचारतो. कुणी पदरात पवित्र मांस नेतो आहे, आणि तो पदर भाकरीला, कालवणाला, द्राक्षारसाला, तेलाला लागला, तर त्या वस्तू पवित्र होतील का? याजक म्हणतात, नाही. बरं, प्रेताला शिवून अशुद्ध झालेला माणूस या वस्तूंना शिवला तर त्या अशुद्ध होतील का? याजक म्हणतात, हो, होतील.

जगात इतरत्र हे समजावून सांगायला पंडित लागत असतील. ठाण्यात लागत नाहीत. सोवळं लागत नाही आणि ओवळं लागतं, हे इथे पाण्याच्या आडावर जाणाऱ्या पोरीलाही माहीत असतं. सासऱ्यांचा चेहरा उतरला.

"थांब," ते म्हणाले. "हा भाग त्या दिवशी वाचायचा नाही."

"का, मामंजी?"

"सुभेदाराच्या हातात आपण होऊन काठी द्यायची का? लाकूड आणा, घर बांधा, इथपर्यंत वाच आणि पुस्तक मिट."

मी हट्टाला पेटले. "अर्धवट वाचलं तर त्याचं काय वजन? त्यात प्रेताचं लिहिलंय. जन्माचं कुठे लिहिलंय?"

"लोकांना अशुद्ध म्हटलं की काय आठवतं ते तुला ठाऊक नाही का?"

"ठाऊक आहे. या घरात दर शुक्रवारी आठवतं."

हे मी बोलून गेले, आणि बोलले ते बरंच झालं. सासरे म्हणाले, "माझ्या आईने तसं केलं, तिच्या सासूने तसं केलं. मी कधी विचार केला नाही." त्यांचा आवाज मऊ झाला होता, पण शरबत पुढच्या शुक्रवारीही सुभेदारांकडूनच आलं. वाचनाचा हुकूम कायम राहिला. मिटायचं म्हणजे मिटायचं.

तो शनिवार आला. ओटीवर वस्तीतले सगळे कर्ते पुरुष बसले, पागोटी नीटनेटकी, वहाणा पायरीशी. मी नेहमीसारखी दाराच्या आत. माझे वडील त्या आठवड्याला ठाण्यातच होते, पण बोलावणं नव्हतं म्हणून ते परसात विहिरीशी बसून राहिले. मी वाचलं. पहिला अध्याय सगळ्यांना पसंत पडला. लोक डोलत होते. दुसऱ्यातलं म्हाताऱ्यांचं वाचलं, आणि हुकुमाप्रमाणे थांबले.

"पुढे?" सुभेदार म्हणाले.

सासरे म्हणाले, "आज एवढं पुरे."

"पुरे कसं? खरं कामाचं तर पुढेच आहे." सुभेदारांनी मुंबईहून आलेल्या एका हझानाला, म्हणजे आमच्या प्रार्थना म्हणवणाऱ्याला, गाठून सगळं विचारून ठेवलं होतं. त्यांना बिनचूक ठाऊक होतं. त्यांनीच सगळ्यांना तो भाग सांगितला, पदर, भाकर, द्राक्षारस, याजकांचं नाही आणि याजकांचं हो. "अर्थ उघड आहे. ही माणसं आपल्यात पिढ्यान्‌पिढ्या आली-गेली म्हणून ती काही पवित्र होत नाहीत. आपला पेला मात्र त्यांच्या हाताने बाटतो. हे मी म्हणत नाही, नबी म्हणतो. मुकादम, तुमच्या व्याह्यांचा मान मी राखतो, पण बाकडं दाराशी."

युक्तिवाद बिनतोड दिसत होता, ते मान्य करते. सासरे मान खाली घालून बसले होते आणि त्यांची बोटं लोडाच्या दोरीशी चाळा करत होती. मला कळलं की आता हे "ठीक आहे" म्हणणार. मुकादमांनी एकदा ठीक आहे म्हटलं की मग नातवंडांच्या काळापर्यंत सगळं ठीकच.

"मामंजी," मी दाराआडून म्हटलं, "मी बोलू का?"

ओटीवरचे चेहरे दाराकडे वळले. बायकांनी अशा ठिकाणी वाचलेलं चालतं, कारण तेव्हा पुस्तक बोलत असतं. स्वतःचं बोलायची रीत नव्हती.

सासऱ्यांनी मान वर केली. "बोल."

"सुभेदारसाहेबांनी दोन वस्तू सांगितल्या, भाकर आणि द्राक्षारस. नबीच्या यादीत चार आहेत. भाकर, कालवण, द्राक्षारस आणि तेल. आम्ही काळे लोक शिवल्याने वस्तू बाटत असतील तर चारही बाटल्या. मग या घरातली रोजची भाकर बाटलेली. सुभेदारसाहेब, गेल्या सणाला तुम्ही इथे जेवलात, सुरमईचं कालवण दोनदा मागून घेतलंत, तेही बाटलेलं. आणि प्रार्थनेच्या खोलीतला दिवा तर माझ्या बापाच्या तेलावर इतकी वर्षं जळतोय. तो आज सूर्य मावळला की विझवून टाका. चार वस्तूंतल्या तीन तुम्हांला चालतात आणि चौथीच तेवढी चालत नाही, असं नबीने कुठे म्हटलंय ते मला दाखवा, मी वाचते."

कुणीतरी खोकलं. कोपऱ्यातला एक म्हातारा हसू दाबत होता, त्याने पागोट्याचा शेमला तोंडाशी धरला. सुभेदार लाल झाले. पण ते पलटणीतले होते, अंगावर आलेलं अंगावर घेणारे. "बाई, अशुद्ध माणूस शिवला तर अशुद्ध होतं, हे तर लिहिलंय ना?"

"लिहिलंय. पण कोण अशुद्ध? जो प्रेताला शिवला तो. अमक्या कुळात जन्मला तो नव्हे. या ओटीवर बसलेल्यांत कुणी आईला नाही तर बापाला खांदा दिलेला नाही, असा कोण आहे?"

आमच्या साऱ्या वस्तीने एकच चूक केली होती. चहूकडे जन्माचा विटाळ मानतात, तो बघून बघून आम्ही आमच्या नबीच्या तोंडीही तोच घालून टाकला होता. यहूदाच्या डोंगरांत बोललेला माणूस ठाण्याच्या आडावरचं बोलतो आहे असं आम्हांला बिनधास्त ऐकू येत होतं.

मग सासरे हळूच म्हणाले, "पोरी, याजकांनी हो म्हटल्यावर नबी पुढे काय म्हणतो? आपण त्या दिवशी तिथेच थांबलो होतो."

खरंच थांबलो होतो. मी नंतर एकटीने पुढचं वाचून ठेवलं होतं. त्यांनी ते ऐकलेलं नव्हतं. मी पुस्तक उघडलं आणि सावकाश वाचलं. नबी म्हणतो, की देवाच्या नजरेत हे सगळे लोकच तसे आहेत, हे सगळं राष्ट्रच तसं आहे, आणि त्यांच्या हातचं प्रत्येक काम तसंच आहे.

पुन्हा वाच, असं सासरे म्हणाले. मी पुन्हा वाचलं.

ते एकदम ताठ बसले. पलटणीत असताना कसे दिसत असतील ते मला तेव्हा दिसलं. "सुभेदार," ते म्हणाले, "याजकांना वाटलं नबी दुसऱ्या कुणाविषयी विचारतोय. म्हणून त्यांनी पटकन सांगून टाकलं, हो, होतं अशुद्ध. आणि तो म्हणाला, मग ते तुम्हीच. आपण इथे त्या याजकांच्या जागी बसलोय हो. बाकडं दाराशी टाकायचं असेल तर आपण सगळ्यांनीच दाराशी बसू. आत कुणी बसायलाच नको."

"म्हणजे पेलाही एकच?"

"एकच."

"मी पिईन असं वचन देत नाही," सुभेदार म्हणाले आणि वहाणा घालून निघून गेले. शनिवारचं वाईट बोलायचं नाही म्हणून ते रस्त्यातही काही बोलले नाहीत, असं मागाहून कळलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. काहींनी मनापासून, काहींनी मुकादमांकडे बघून. मला कुणाच्या मनाची पंचाईत नव्हती.

परसात जाऊन मी वडिलांना सांगितलं. त्यांना आनंद झाला असेल, पण आधी भीतीच वाटली. "कशाला गं भांडलीस? मी बसलो असतो दाराशी. मना तिथं वारा बरा लागतो."

"वारा आता आतून घ्या," मी म्हटलं.

मशीद उघडायची ती शुक्रवारी संध्याकाळी, शब्बाथ धरून. आदल्या दिवशी सकाळी मी दळण आटोपून उठत होते, तर सासरे भिंत चाचपत स्वयंपाकघराच्या दाराशी आले. एरवी ते तिथवर कधी येत नसत.

"मनुका आहेत का घरात?"

"आहेत थोड्या. पुलावासाठी आणल्यात."

"जास्त आणव. आणि भिजत घाल. उद्या पेला आपल्या घरून जाईल." एवढं बोलून ते वळले. मग थांबून म्हणाले, "साखर घालू नकोस हं. मनुका चांगल्या असल्या की लागत नाही."

मी मनुका निवडल्या, देठ काढले, धुतल्या, भिजत घातल्या. दुसऱ्या दिवशी कुस्करताना मला रडू आलं. दुःखाचं नव्हतं ते. इतके शुक्रवार फडक्याने बांधून ठेवलेला राग होता, तो सुटत होता. मग डोळे कोपराने पुसले, कारण हात शरबतात होते, आणि तलम कापडातून दोनदा गाळून घेतलं. आपल्या हाताला चव आहे हे मला ठाऊक होतंच. त्या दिवशी ती जरा जास्तच लागली.

नव्या मशिदीत सागाचा वास भरला होता. आम्ही बायका एका बाजूला पडद्यामागे. पडदा विरळ विणलेला, सगळं दिसत होतं. माझे वडील पुरुषांत, भिंतीच्या कडेने, पण आत. धुवट अंगरखा, उपरणं, हात कुठे ठेवावेत ते न कळल्यासारखे. सुभेदारही आले होते. त्यांची जागा पहिल्या रांगेत, मुकादमांच्या शेजारी, ती त्यांनी सोडली नव्हती. प्रार्थना झाल्या. सासऱ्यांनी चांदीचा पेला दोन्ही हातांत धरून आशीर्वाद म्हटला आणि घोट घेतला. पेला पुढे सुभेदारांकडे जायचा, तशी रीत. सासरे मात्र तसे वळले नाहीत.

"व्याहीबुवा," त्यांनी हाक दिली. "पुढे या."

वडील गर्दीतून वाट काढत पुढे आले. सासऱ्यांनी आवाजाच्या अंदाजाने पेला पुढे केला. आणि वडिलांनी दोन्ही हात जोडून ओंजळ केली, जरा वाकले, आणि ओंजळ पेल्याखाली धरून उभे राहिले. वरून ओततील म्हणून.

आंधळ्या माणसाला ओंजळ कशी दिसणार? सासरे पेला धरून वाट बघत होते, वडील ओंजळ धरून वाट बघत होते, आणि दोघांच्यामध्ये वीतभर अंतर होतं.

"बाबा," मी पडद्यामागून म्हटलं, बऱ्यापैकी मोठ्याने, "पेला हातात घ्या."

त्यांनी दचकून पडद्याकडे पाहिलं. ओंजळ सुटली. पेला त्यांनी घेतला तो असा, की जणू तो उकळत्या तेलाने भरला आहे, आणि एक घोट प्यायले. मग पेला हातात धरून तसेच उभे राहिले, कारण तो आता पुढे कुणालातरी द्यायला हवा होता आणि पुढे सुभेदार होते. त्यांनी हात लांब केला. सुभेदारांची पाठ माझ्याकडे होती. त्यांनी पेला घेतलेला मला दिसला, मान किंचित मागे गेलेली दिसली, पण ओठ ओले झाले की नुसता मान राखला, ते काही पडद्याआडून कळलं नाही. पेला पुढे गेला.

घरी परतताना तलावाच्या काठाने सासरे माझ्या नणंदेच्या नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून पुढे चालले होते. मी आणि वडील मागे. मला राहवेना.

"बाबा, सुभेदार खरंच प्याले का हो?"

"प्याले की. मोठा घोट घेतला."

ते चार पावलं चालले आणि उभे राहिले. मी पाहिलं तर त्यांचे डोळे भरून आले होते.

"बाय," ते म्हणाले, "माझ्या हातातून घेतला, तो त्यांनी पुसून नाय घेतला."